गॅस बंद, तरी मीटर १० दाखवतो

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवायचं छोटं युनिट आहे. आर्गॉनच्या मुख्य लाइनवर ० ते ५० लिटर प्रतिमिनिट रेंजचा, ४-२० मिलिअँपिअरचा फ्लो सेन्सर आणि पॅनेलवर डिजिटल मीटर बसवला. सिलिंडर बंद असतानाही मीटर १० दाखवायचा. वायरमननं ऑफसेट (मीटरच्या आकड्यात मिळवला जाणारा ठरावीक आकडा) उणे १० टाकून दिला. आता शून्य बरोबर येतं, पण सगळे वेल्डिंग टॉर्च चालू केले की वापर कमी दिसतो. सेन्सर बदलू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात बदलू नका, सेन्सर ठणठणीत आहे. तो १० चा आकडाच दुखणं सांगतोय. २० चा पाचवा हिस्सा ४, तसा ५० चा पाचवा हिस्सा १०. म्हणजे मीटरचं इनपुट ०-२० मिलिअँपिअरवरच राहिलंय; तो ० ला शून्य आणि २० ला ५० लिटर धरतो. गॅस बंद असताना सेन्सर ४ मिलिअँपिअर पाठवतो आणि मीटरला वाटतं, पाचवा हिस्सा गॅस वाहतोय. वायरमनच्या ऑफसेटनं फक्त खालचं टोक जुळलं. आता २५ लिटर वाहत असताना तुम्हाला २० दिसतात, ५० ला ४०.

आधी ऑफसेट काढून शून्य करा. मग मेनूत इनपुट ४-२० निवडा, खालचं टोक ०, वरचं ५०. खात्रीसाठी एक वायर सोडवून मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा, लीड मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्येच. १२ मिलिअँपिअरला मीटरवर २५ यायला हवेत, ८ ला साडेबारा.

शून्याला ४ का, हे मी बावीस वर्षं पॅनेलं वायर करताना एकदाच, पण पक्कं शिकले. एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात सेन्सर आणि मीटर दोन्ही ०-२० वर होते. केबल ट्रेमध्ये उंदरानं वायर कुरतडली, मीटर शून्यावर आला. ऑपरेटरला वाटलं नायट्रोजन थांबलाय, त्यानं व्हॉल्व्ह आणखी उघडला. सकाळी सिलिंडरांची रांग रिकामी. ४-२० असता तर करंट ४ च्या खाली जाताच मीटरनं एरर दाखवली असती. त्या दिवसापासून मी ०-२० लावलेलं नाही.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला जास्त खटकणारी गोष्ट. सेन्सरच्या प्लेटवर कोणता गॅस लिहिलाय ते बघा. थर्मल सेन्सर (गॅस किती उष्णता वाहून नेतो त्यावरून मोजणारा) असेल आणि तिथे नायट्रोजन किंवा हवा लिहिलं असेल, तर आर्गॉनला तो कमी दाखवतो, कारण आर्गॉन उष्णता कमी वाहून नेतो. केशनळीच्या, म्हणजे आत बारीक नळी असलेल्या थर्मल सेन्सरला मीटरचा आकडा ज्यानं गुणायचा तो गुणक साधारण १.४ असतो : मीटरवर १०, लाइनमधून जवळपास १४. तसं निघालं तर वरच्या टोकाला ५० ऐवजी ७० भरा. नेमका गुणक सेन्सरच्या मॅन्युअलमधूनच घ्या, आणि एकच टॉर्च चालू ठेवून नॉझलला आर्गॉनचा रोटामीटर (आतल्या तरंगत्या गोळीवरून प्रवाह दाखवणारी उभी नळी) लावून आकडा ताडून बघा.