सेकंड लाइफमध्ये (म्हणजे त्या ऑनलाइन आभासी जगात) नवख्यांना मदत करायची तर आधी काय काय यायला हवं?
टेक्निकल ज्ञान नंतर, आधी पेशन्स हवा. नवीन माणूस भिंतीला धडकत असतो, त्याला चॅट कुठे टाइप करायचं तेच माहीत नसतं, म्हणून दोन मिनिटं उत्तर आलं नाही तर लगेच निघून जाऊ नका. आणि जवळ उभे राहा, साधं चॅट २० मीटरपर्यंतच दिसतं, लांबून सूचना दिल्या तर त्याला काही कळणार नाही.

सगळ्यात आधी कॅमेरा शिकवा, ऑल्ट आणि माऊसचं डावं बटण दाबून धरून माऊस फिरवायचा आणि एस्केपने परत यायचं. हे आलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. मग कपडे. फुकटचा ड्रेस घेतला की बरेचदा तो बॉक्समध्ये येतो, लोक बॉक्सच वेअर करतात आणि हाताला खोका चिकटवून फिरतात 😄 हसू नका, ज्या बॉक्सला जमिनीवर ठेवून उघडावं लागतं त्यासाठी सरळ सँडबॉक्समध्ये, म्हणजे कोणालाही वस्तू ठेवता येतात अशा मोकळ्या जागेत घेऊन जा, कारण दुसऱ्याच्या जमिनीवर वस्तू ठेवायची परवानगी बहुतेक नसतेच.

लँडमार्क (जागेचा जतन केलेला पत्ता) द्या, नोटकार्ड (लिहिलेली चिठ्ठी) द्या, पण दहा एकदम नको. त्याच्यासाठी सगळं स्वतः करून देणारे मेंटॉर मला तरी पटत नाहीत. आणि पासवर्ड कोणी मागितला तर द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.