माघ-फाल्गुनातल्या फुलांसाठी

प्रश्न : दसऱ्याच्या सुमारास गच्चीवर पिटुनियाचं बी पेरलं. अर्धं उगवलंच नाही. उगवलेली रोपं आठवडाभरात बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. बी जुनं होतं का? (पुणे)

उत्तर : बी बहुधा चांगलं होतं, पण मातीखाली गाडलं गेलं. पिटुनियाचा दाणा खसखशीहून बारीक, एका ग्रॅममध्ये सुमारे १०,०००. त्याला रुजायला उजेड लागतो, आणि वर बोटाच्या पेराएवढी माती असली तर ती भेदून येण्याचा जोर त्याच्यात नसतो. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत, दोन्ही चाळून, उथळ ट्रेमध्ये भरा आणि आधीच ओलं करून ठेवा. बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून चिमटीने भुरभुरा, तळहाताने हलकं दाबा. वर काहीही पसरू नका. ट्रेवर काच झाकून उजेडात ठेवा, उन्हात नको. सात ते दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. ते दिसले की काच काढलीच पाहिजे.

रोपं आडवी पडली ती रोपमर रोगाने. ही बुरशी सततची ओल आणि कोंदट हवा यांवर वाढते. म्हणून झारी वापरू नका. तिच्या धारेने बीही वाहून एका कोपऱ्यात जमतं. परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा, वरचा थर ओला दिसला की लगेच उचला. पेरण्याआधी किलोभर मिश्रणाला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड) चोळलेलं बरं.

चार-सहा पानांवर रोप हलवा, पुढे ८ इंची कुंडीत एकच ठेवा. वीतभर व्हायच्या आत शेंडा खुडा. पहिली कळी जाते म्हणून जीव हळहळतो, पण न खुडलेलं रोप सरळसोट वाढून टोकाला दोन फुलं देतं. युरिया टाळा, नुसता पाला माजतो. सुकलेलं फूल काढताना पाकळ्या ओढून भागत नाही. खालची हिरवी बोंडी देठासकट खुडा. बोंडीत बी धरलं की झाड फुलणं आवरतं घेतं.

पेरणीपासून फुलापर्यंत अडीच-तीन महिने जातात. ऑक्टोबरअखेर पेरलेलं जानेवारीच्या मध्यानंतर फुलतं आणि उन्हं तापेपर्यंत टिकतं. त्याहून उशीर झाला असेल तर नर्सरीतून तयार रोपं आणा.

प्रश्न : ट्यूलिपचे कंद लावले, पानं आली, कळी पानांतच करपली. (नाशिक)

उत्तर : कंदाला थंडी कमी पडली. श्रीनगरला जमीनच ती देते. आपल्याकडे फ्रिजने द्यावी लागते, ४-५ अंशांवर १२ ते १४ आठवडे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा. तिथे सफरचंद, केळं, चिकू ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते आणि बाहेरून काही कळत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला कंद लावा आणि दुपारचं ऊन टाळा. पुढच्या वर्षी तोच कंद आपल्या हवेत सहसा फुलत नाही, हे धरूनच खर्च करा. त्यापेक्षा पांढरा, वासाचा पेपरव्हाइट नार्सिसस घ्या: त्याला फ्रिज लागत नाही आणि लावल्यापासून पाच-सहा आठवड्यांत फुलतो.

प्रश्न : डॅफोडिल्स पहिल्या वर्षी भरपूर फुलली, दुसऱ्या वर्षी नुसती पात. (न्यू जर्सी)

उत्तर : फुलं गेल्यावर पात कापली किंवा वेणीसारखी बांधली असणार. पुढच्या वर्षीची कळी त्या पातीच्या अन्नावर कंदात तयार होते. फुलं सरल्यावर किमान सहा आठवडे, पात आपोआप पिवळी पडेपर्यंत, हात लावू नका. नवे कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात ६ इंच खोल लावा. खारी डॅफोडिलचा कंद खात नाहीत, तो विषारी असतो. क्रोकस या छोट्या फुलझाडाचे कंद मात्र उकरून नेतात, त्यावर मातीखाली तारेची जाळी अंथरा.