घोडा मेला इथपर्यंत सगळेच लिहितात, पण नवा घोडा कोणी दिला?

प्रश्न असा विचारलाय की कादंबरीत एकच घटना घडते आणि तिच्यापायी पुढं सगळ्यांची वाट लागते, हे नेमकं होतं कसं, एखादं उदाहरण घेऊन सांगा. खाली लिहिलंय की बीएची परीक्षा आहे. भाऊ, मीही बीएच केलं, तालुक्याच्या कॉलेजात, इंग्लिश लिटरेचर घेऊन, आणि आता पराटी (म्हणजे कापूस) न् तूर करतो, त्यामुळं उत्तर जरा शेतीच्या अंगानं येईल, चालवून घे.

उदाहरण थॉमस हार्डी या इंग्रज लेखकाच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'चं घेतो, 1891 ची कादंबरी आहे, बहुतेक तुझ्या सिलॅबसला असेलच. आमचे सर ती शिकवताना अर्धी इंग्रजीत आणि अर्धी वऱ्हाडीत सांगायचे, म्हणून डोक्यात बसली.

सुरुवात अशी आहे की टेसचा बाप, जॉन डर्बीफिल्ड, एक घोडा आणि एक गाडी घेऊन इकडचा माल तिकडं पोचवणारा गरीब माणूस. त्याला रस्त्यात पाद्री भेटतो आणि उगाच, काही गरज नसताना, सांगून टाकतो की तुम्ही मूळचे डर्बरव्हिल, फार जुन्या सरदार घराण्यातले. म्हणजे आपल्या गावात कोणीतरी येऊन म्हणावं की ती पडकी गढी दिसते ना, तिचे खरे वारस तुम्हीच. झालं, याच्या डोक्यात हवा गेली, त्या आनंदात रात्रभर पिऊन पडला, आणि पहाटेच्या आत मधमाशांच्या पेट्या घेऊन बाजाराला निघायचं होतं ते कोण नेणार? आई म्हणते काल तुझ्यासोबत नाचलेल्यांपैकी एखाद्या पोराला पाठव, पण टेसला लाज वाटते, बाप कशामुळं उठू शकत नाही हे गावाला कळेल ना. मग ती स्वतःच धाकट्या भावाला घेऊन रात्री दीड-दोनला निघते. वाटेत पोरगं झोपतं, मग हिलाही डुलकी लागते, कंदील विझलेला, गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला गेलेली, आणि समोरून टपालाची गाडी जोरात येते. तिची टोकदार दांडी घोड्याच्या छातीत घुसते. टेस खाली उडी मारून त्या भोकावर हात दाबून धरते, रक्त तिच्या अंगभर उडतं, घोडा जमेल तेवढा वेळ उभा राहतो आणि मग कोसळून मरतो. प्रिन्स नाव होतं त्याचं.

आता टर्निंग पॉइंट कोणता यावर वर्गात आमचं भांडण व्हायचं. कोणी म्हणायचं पाद्र्याचं बोलणं, कोणी म्हणायचं ती चिठ्ठी, जिच्यात टेस आपलं आधीचं सगळं खरं लिहून लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजेलच्या, दाराखालून सरकवते आणि ती सतरंजीखाली जाते. मी तेव्हाही घोड्याच्याच बाजूनं होतो, आजही आहे. पाद्र्याच्या बोलण्यानं फक्त बाप प्याला, तो एरवीही प्यायचाच. चिठ्ठीचं म्हणशील तर ती पुढं तिच्या हाताला लागते, लग्न मोडायला अजून वेळ असतो, म्हणजे ती एकटी काही नाश करत नाही. घोडा मेल्यावर मात्र घरातला पैसा बंद आणि पोरीच्या मनात अपराध सुरू, दोन्ही एकाच पहाटे.

आणि बघ, घरात तिला कोणी रागावत नाही. हार्डीनं हे मुद्दाम लिहिलंय, ती स्वतःला जेवढा दोष देते तेवढा दुसरं कोणीच देत नाही. बाप तर घोड्याचं मढं चार पैशाला विकायला पण तयार नाही, आपण सरदार लोक ना! तो परसात खड्डा खणून त्याला पुरतो, आणि हार्डी तिथं बारीक चिमटा काढतो की घरच्यांसाठी पीक काढायला जेवढा घाम गाळला नसेल तेवढा त्यानं त्या खड्ड्यात गाळला. हे वाचताना मला आमच्या गावातले दोन-तीन जण डोळ्यासमोर येतात, नावं घेत नाही.

इथं माझ्या घरचं सांगतो, विषयाला धरूनच आहे. मी सातवीत होतो, मृगाचे दिवस, वखरण चालू. आभाळ आलं म्हणून माझ्या मोठ्या चुलतभावानं बैल सोडले आणि एक धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडाखाली बांधला, दुसरा बांधायला नेतच होता की वीज पडली. बांधलेला बैल जागीच गेला. जोडी फुटली की काय होतं हे शहरातल्याला सांगून कळत नाही, एका बैलानं ना वखर चालत ना तिफण, आणि पेरणी तर आठ दिवसांवर. भावाला कोणी शब्दानं बोललं नाही. मोठी आई म्हणाली, "तुह्या हातात होतं काय बाप्पा, जेव." तो दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला मी शाळा सोडतो, कोणाच्या तरी घरी साल धरतो, म्हणजे वर्षभर गडी म्हणून राहतो. म्हणजे अगदी टेस. तेव्हा टेस कोण हे आम्हाला कुठं माहीत.

पण पुढं काय झालं, तर शेजारच्या धुऱ्याच्या काकांनी आपला एक बैल सोडून आमच्या दावणीला आणून बांधला. पेरणी होईस्तोवर ठेवा म्हणाले. बदल्यात आम्ही त्यांची तीन एकर पेरून दिली, विषय संपला. तलाठ्यानं पंचनामा केला होता, ते पैसे आले तेव्हा पराटीला बोंडं धरली होती. भाऊ दहावी झाला, आज त्याचं ट्रॅक्टर आहे.

म्हणजे घटना जवळपास सारखीच, घरही तसंच हातावर पोट असलेलं, आणि पोराच्या मनातला दोषही तोच. म्हणून मी आता कोणतीही अशी कादंबरी वाचली की घटनेपाशी कमी थांबतो आणि त्यानंतर दारात मदत घेऊन कोण आलं ते आधी शोधतो.

टेसच्या दारात कोणी येत नाही, तिलाच दुसऱ्याच्या दारात पाठवतात. आई म्हणते त्या श्रीमंत डर्बरव्हिल नातेवाइकांकडं जा. ती आधी नाही म्हणते, मग घोडा माझ्यामुळंच मेला तर मी काही केलं पाहिजे, एवढ्याच कारणावर तयार होते. गंमत म्हणजे ते नातेवाईक नाहीतच, सायमन स्टोक नावाच्या पैसेवाल्यानं ते जुनं आडनाव आपल्याला चिकटवून घेतलेलं असतं. त्याचा पोरगा ॲलेक. तो हिला कोंबड्या सांभाळायच्या कामावर ठेवून घेतो.

आणि आता ती जागा, जी गाइडात मला कधी दिसली नाही. ज्या रात्री तो तिला चेसच्या जंगलात नेतो, त्याच रात्री तो सहज सांगतो की तुझ्या बापाला आज नवा घोडा मिळाला, आणि लहान पोरांना खेळणी. कोणी दिलं हे वेगळं सांगायला नको. टेसला त्यात आनंद होत नाही, दिला नसता तर बरं असंच तिला वाटतं. कारण आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? मेलेल्या घोड्याची उधारी त्यानं फेडली आणि वसुली हिच्याकडून केली. हा एक परिच्छेद वाचला की आधीची चाळीस-पन्नास पानं कशासाठी होती ते कळतं.

त्याच्यापुढचं तुला माहीत असेल, मूल होतं न् मरतं, एंजेलशी लग्न, लग्नाच्याच रात्री तिनं खरं सांगणं, त्याचं ब्राझीलला निघून जाणं, तो भाग मी घाईत सांगतो कारण सगळे त्यावरच पानं भरतात. फक्त एक पाहा, शेवटाकडं बाप मरतो आणि त्याच्यासोबत घराचा पट्टा संपतो, कारण तो पट्टा माणसाच्या हयातीपुरताच असतो. पूर्ण कुटुंब सामान गाडीवर टाकून रस्त्यावर. आणि पुन्हा मदत घेऊन कोण उभा? ॲलेकच. दुसऱ्यांदा तेच, घरच्यांसाठी हिनं स्वतःला द्यायचं. मग एंजेल परत येतो, ही ॲलेकला सुरीनं मारते, स्टोनहेंजच्या दगडांत पकडली जाते, फाशी.

परीक्षेत दहा मार्कांना आलं तर घोडा, अपराधाची भावना आणि नवा घोडा, या तीन गोष्टी धरून लिही. नवा घोडा अकराव्या प्रकरणात आहे, उत्तर लिहायच्या आधी ते प्रकरण एकदा स्वतः वाच, सहा-सात पानांचंच असेल.