बँकेला कुलूप लागलं की लोक क्रिप्टोकडे धावतात का?

देश कर्ज थकवतो म्हणजे नेमकं काय होतं, यावर मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणांनी या ना त्या शब्दांत एकच विचारलंय: अशा वेळी लोक आपला पैसा बिटकॉइनमध्ये हलवतात, हे कितपत खरं? एका वाक्यातलं उत्तर कोणालाच पटणार नाही, म्हणून काही पत्रं निवडून घेतो.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो. २०१३ साली आमच्या कंपनीचं ऑफिस सायप्रसला, लिमासोलमध्ये होतं. तिथल्या बँका बंद झाल्या तेव्हा जहाजावर बोलणं चालायचं की तिथले लोक बिटकॉइन घेताहेत म्हणून त्याचा भाव चढलाय. तसं होतं का? (रत्नागिरी)

भाव चढला, हे अगदी खरं. मार्चच्या मध्याला पन्नास डॉलरच्या आतबाहेर असलेला बिटकॉइन १० एप्रिलला २६६ डॉलरला टेकला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत निम्म्याच्याही खाली आपटला. प्रश्न एवढाच की तो घेत कोण होतं.

१६ मार्चला, शनिवारी, सायप्रसच्या लोकांना सकाळी उठल्यावर कळलं की युरोपकडून मिळणाऱ्या मदतीच्या बदल्यात त्यांच्या ठेवींतून कपात होणार : एक लाख युरोच्या आतल्या ठेवीवर ६.७५ टक्के, वरच्या ठेवीवर ९.९ टक्के. संसदेने १९ तारखेला हा प्रस्ताव फेटाळला, बाजूने एकही मत पडलं नाही. पण बँका उघडल्या त्या थेट २८ मार्चला, आणि तेव्हाही दिवसाला ३०० युरोच काढता येत होते. शेवटी लाइकी बँक बुडाली आणि बँक ऑफ सायप्रसमध्ये एक लाखावर ठेव असणाऱ्यांच्या जादा रकमेचे ४७.५ टक्के शेअरमध्ये गेले.

आता तुम्हीच सांगा, त्या बारा दिवसांत लिमासोलच्या माणसाने बिटकॉइन घ्यायचा कसा? तेव्हाचा सगळ्यात मोठा बाजार, माउंट गॉक्स, टोकियोत. तिथे पैसे पाठवायचे तर बँकेतूनच, आणि बँकेला कुलूप. माझं मत असं की बातमी सायप्रसची होती, खरेदी मात्र बहुतांशी बाहेरच्यांची. युरो वापरणाऱ्या देशातलं सरकार विमा असलेल्या ठेवीलाही हात घालायचा विचार करू शकतं, हे पाहून धसका घेतला तो ज्यांची खाती अजून उघडी होती त्यांनी.

प्रश्न : मग ग्रीसचं काय? तिथे तर तीन आठवडे बँका बंद होत्या. (पुणे)

तिथे तेच, आणखी ठळकपणे. २७ जून २०१५ च्या पहाटे पंतप्रधान सिप्रास यांनी सार्वमत जाहीर केलं, सकाळपासून एटीएमपुढे रांगा लागल्या. २९ तारखेपासून बँका बंद, दिवसाला ६० युरो. ३० जूनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा हप्ता थकला. बँका उघडल्या २० जुलैला. कार्ड देशात चालत होतं, परदेशात पैसे पाठवणं बंद होतं. म्हणजे औषधाच्या दुकानात चालेल, परदेशातल्या क्रिप्टो एक्स्चेंजवर नाही.

पण ग्रीसबाबतची खरी गोष्ट कुलपाच्या आधीची आहे. लोक बावळट नव्हते. डिसेंबर २०१४ ते जून २०१५ या काळात ठेवींतले सुमारे ४० अब्ज युरो बँकांबाहेर गेले, त्यातला बराच भाग नोटांच्या रूपाने घराघरांत. ग्रीक माणसाला दोन भीती होत्या, बँक बुडण्याची आणि युरो जाऊन द्राख्मा हे जुनं चलन परत येण्याची. कपाटातली युरोची नोट या दोन्हींवर पुरेसा उतारा होती. बिटकॉइन लागला कशाला?

ही नोटेची बाब लक्षात ठेवा. अर्जेंटिनात नेमकी तीच उलटी आहे.

प्रश्न : मुलगा फ्रीलान्स डिझायनर आहे. त्याच्याबरोबर काम करणारी ब्युनोस आयर्सची मुलगी पगार फक्त यूएसडीटी नावाच्या क्रिप्टोमध्ये घेते म्हणे. हा करचुकवेगिरीचा प्रकार की खरंच गरज? (कोल्हापूर)

थोडं दोन्ही असेल. पण गरज समजायला २००१ पर्यंत मागे जावं लागेल.

तेव्हा अर्जेंटिनात कायद्याने एक पेसो म्हणजे एक डॉलर. देशाचं कर्ज फेडणं अशक्य होत चाललं तशी लोकांनी बँका रिकाम्या करायला सुरुवात केली. १ डिसेंबर २००१ ला सरकारने बंधन घातलं : आठवड्याला २५० पेसो. लोकांनी त्याला नाव दिलं ‘कोरालितो’. आपल्या भाषेत सांगायचं तर छोटा कोंडवाडा. डिसेंबरअखेर देशाने देणी थकवली. जानेवारीत एकास एक हा दर मोडला आणि बँकेतल्या डॉलर ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने पेसोत बदलल्या गेल्या. काही महिन्यांत बाजारात डॉलर तीन पेसोंच्या पुढे गेला. पावती डॉलरची, हातात आले पेसो, तेही अर्ध्याहून कमी मोलाचे.

हा घाव त्या समाजाच्या अंगात मुरलाय. तिथे ‘कोल्चोन’ म्हणजे गादी, आणि गादीखालचे डॉलर हा विनोदाचा विषय नाही, बचतीचा प्रकार आहे. डॉलर बदलून देणाऱ्या चोरट्या पेढ्यांना ते ‘कुएवा’, म्हणजे गुहा म्हणतात. अशा गुहा क्रिप्टोच्या कितीतरी आधीपासून आहेत.

मग क्रिप्टो आलं कुठून? सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने डॉलर खरेदीवर महिन्याला १०,००० ची मर्यादा घातली, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर ती थेट २०० वर आणली. त्यापुढे अधिकृत दर एक आणि रस्त्यावरचा ‘निळा डॉलर’ दुसरा, आणि कधी कधी तो दुपटीला. आता त्या डिझायनर मुलीचा विचार करा. परदेशातून ५०० डॉलर बँकेत आले तर ते अधिकृत दराने पेसो होऊन मिळणार, म्हणजे जवळपास अर्धी कमाई वाटेतच गळणार. उरलेले पेसो खात्यात पडले तर महागाई ते खाणार. २०२३ चा वार्षिक दर २११ टक्क्यांवर होता. त्याच डिसेंबरमध्ये नव्या सरकारने अधिकृत दर एका फटक्यात ३६६ वरून ८०० पेसोंवर नेला. ज्यांनी पेसो धरून ठेवले होते त्यांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून ती यूएसडीटी घेते. इथे एक गोष्ट नीट पाहा. यूएसडीटी हे बिटकॉइनसारखं वर-खाली उड्या मारणारं नाणं नाही, ते एका डॉलरला बांधलेलं स्टेबलकॉइन आहे. तिला क्रिप्टो नकोय, तिला डॉलर हवाय. डॉलरचा राजमार्ग बंद केला म्हणून ती पायवाटेने जाते.

या पायवाटेचा एक नकळत झालेला उपयोगही सांगतो. २ जुलै २०२२ ला अर्थमंत्री मार्तिन गुसमान यांनी राजीनामा दिला. शनिवार होता, बँका बंद, गुहाही बंद. सोमवारी काय दर निघेल हे कळायला लोक यूएसडीटीचा पेसोतला भाव बघत बसले, कारण तो बाजार सुट्टी घेत नाही. तो सरसर चढत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये नाणेनिधीशी झालेल्या ४४ अब्ज डॉलरच्या करारात क्रिप्टोच्या वापराला आळा घालण्याचं कलम होतं, ते उगाच नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये सामान्य लोकांवरची डॉलर खरेदीची बंधनं बरीचशी उठली. ती उठल्यावर यूएसडीटीची गरजही तेवढी सैलावते.

प्रश्न : बँकच चालू नसेल तर हे यूएसडीटी विकत घेतात तरी कसं? (औरंगाबाद)

माणसामाणसांत. लेबनानची राजधानी बैरूटचं उदाहरण घ्या. १९९७ पासून एका डॉलरला १५०७.५ लिरा हा दर ठरलेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये आंदोलन पेटलं, बँका दोन आठवडे बंद राहिल्या; मार्च २०२० मध्ये सरकारने रोखे थकवले; २०२३ पर्यंत डॉलर ९० हजार लिरांच्या आसपास गेला. बँकेत डॉलर आहेत पण काढता येत नाहीत, त्यांना लोक ‘लोलार’ म्हणू लागले, लेबनानी डॉलर.

व्यवहार असा होतो : फोनवर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं अ‍ॅप, टेलिग्रामच्या ग्रुपवर दलाल, कॅफेत भेट. तुम्ही रोख डॉलर मोजता, तो तुमच्या वॉलेटवर यूएसडीटी टाकतो, कमिशन कापून. परदेशातल्या भावाने पाठवलेले पैसे घ्यायचे तर उलट. हवाला माहीत असलेल्याला यात नवं फक्त फोन आहे.

पण जे बँकेत अडकलं ते यातून सुटत नाही, हे बहुतेक लेखांत राहून जातं. लोलारचा धनादेश विकायचा तर दर्शनी रकमेच्या पाचव्या हिश्शाहून कमी हाती यायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये बैरूटमधल्या एका बाईने बहिणीच्या कॅन्सरच्या उपचारासाठी खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बँकेतून स्वतःचीच ठेव काढून आणली. तिच्याकडे स्मार्टफोन नव्हता म्हणून नव्हे.

प्रश्न : श्रीलंकेत असं काही दिसलं नाही. का? (ठाणे)

१२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. तेव्हा लोक पेट्रोल, गॅस सिलिंडर, दूध पावडर यांच्या रांगेत होते. आधी पोटोबा. ज्याच्याकडे शिल्लकच नाही तो ती कशात ठेवू याचा विचार करत नाही. परदेशातून येणारा पैसा ‘उंडियल’ने यायचा, म्हणजे आपल्या हवाल्याचा भाऊ. ती वाट मळलेली होती. केंद्रीय बँकेने क्रिप्टोपासून सावध राहायलाही सांगितलं होतं.

आणि समजा कोणी त्या दिवशी बिटकॉइन घेतला असता तर? तेव्हा तो साधारण ४० हजार डॉलर, डॉलर सुमारे ३२० श्रीलंकन रुपये, म्हणजे १ कोटी २८ लाख. मे महिन्यात टेरा-लुना ही क्रिप्टो नाण्यांची जोडी कोसळली, जूनच्या मध्याला बिटकॉइन २० हजारांवर आला. डॉलर ३६० झाला होता. हिशेब ७२ लाख. रुपया घसरत असताना त्याच्यापासून पळून गेलेल्या माणसाचं रुपयात राहिलेल्यापेक्षा जास्त नुकसान! साधी डॉलरची नोट ठेवणारा मात्र फायद्यात राहिला.

प्रश्न : सरकारनेच स्वतःची क्रिप्टो काढली तर? (नागपूर)

व्हेनेझुएलाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘पेट्रो’ काढून पाहिली, जानेवारी २०२४ मध्ये गुंडाळली. ज्या सरकारच्या नोटेवर विश्वास नाही त्याच्या नाण्यावर कोण ठेवणार? एल साल्वादोरने २०२१ मध्ये बिटकॉइनला चलनाचा दर्जा दिला, वॉलेट उघडणाऱ्याला ३० डॉलर दिले. बऱ्याच जणांनी ते खर्चले आणि वॉलेट विसरले. नाणेनिधीकडून १.४ अब्ज डॉलर घेताना २०२५ च्या सुरुवातीला कायदाही पातळ करावा लागला.

प्रश्न : अमेरिकेवरच ३६ लाख कोटी डॉलरहून जास्त कर्ज आहे. तिथेच गडबड झाली तर हे डॉलरला बांधलेलं नाणं कुठे जाईल? (न्यू जर्सी)

तुम्ही नेमकं मर्म धरलंत. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एक नाणं विकते तेव्हा मिळालेल्या डॉलरचा मोठा भाग अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत घालते. हा आकडा आता १०० अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणजे ब्युनोस आयर्सची ती मुलगी आपल्या सरकारच्या कर्जातून पळते आणि नकळत अमेरिकेच्या सरकारला कर्ज देते.

ऑगस्ट २०११ मध्ये एस अँड पी या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन खाली आणलं तेव्हा घाबरलेल्या बाजाराने काय घेतलं? अमेरिकेचेच रोखे, आणि सोनं. मे २०२५ मध्ये मूडीजनेही शेवटचं अव्वल मानांकन काढलं. डॉलर डगमगला तर स्टेबलकॉइन त्याच्यासोबत डगमगेल, त्याला वेगळे पाय नाहीत. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेत राखीव रक्कम अडकली म्हणून यूएसडीसी हे डॉलरला बांधलेलं दुसरं नाणं काही तासांसाठी ८८ सेंटपर्यंत उतरलं होतं, तेही एका बँकेपायी.

प्रश्न : २०१९ साली आमचं खातं पीएमसी बँकेत होतं. सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायचे, हे ऐकलं तो दिवस विसरता येत नाही. देशावर तशी वेळ आली तर म्हणून थोडे पैसे क्रिप्टोत ठेवावेत का? (मुलुंड)

तुमची भीती खोटी नाही. कोरालितो म्हणजे काय ते तुम्हाला ब्युनोस आयर्सच्या माणसाइतकंच कळेल. पण ती एका बँकेची गोष्ट होती, देशाच्या कर्जाची नव्हे. भारत सरकारचं बहुतांश कर्ज रुपयांत आहे आणि ते इथल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी यांनी दिलेलं आहे. आपली बिकट वेळ आली होती ती १९९१ मध्ये, परकीय चलनाची. तेव्हा मे महिन्यात २० टन आणि जुलैत सुमारे ४७ टन सोनं बाहेर पाठवून डॉलर उभे केले.

बँकेच्या भीतीवर उपाय बँकेपाशीच आहे. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचा विमा एका लाखाचा पाच लाख झालाय. एका बँकेत एका नावावर व्याजासकट पाच लाखांच्या आत राहील असं वाटून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण तुमच्या दुखण्याला लागू पडणारं हेच.

क्रिप्टोत नफा झाला तर ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही. शिवाय कुलूप तिथेही लागतं. जुलै २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. हौस म्हणून, गेले तरी झोप उडणार नाही एवढे घालायचे तर घाला. सुरक्षेसाठी म्हणून नको.

सोन्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणजे ते घरात असणारच.