स्लिप गेजसाठी स्वच्छता यंत्र : आधी धुणे, मग पुसणे

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रभागांचा छोटा कारखाना असून शेजारीच फाउंड्री आहे. तपासणी विभागातला ८७ नगांचा पोलादी स्लिप गेजचा (ठरावीक लांबीच्या अतिशय अचूक ठोकळ्यांचा) संच आमचा कामगार रोज शॅमॉयच्या कातड्याने पुसतो. तरीही दर वर्षी कॅलिब्रेशनमध्ये चार-पाच गेज ओरखड्यांमुळे बाद होतात. फिरत्या मऊ ब्रशचे स्वयंचलित यंत्र आम्ही स्वतःच बनवावे असा विचार आहे. मायक्रोमीटर आणि डायल गेजही त्यातच धुता येतील का?

उत्तर : यंत्र अवश्य बनवा, परंतु आराखड्यातून ब्रश आधी काढून टाका. पोलादी गेजची कठीणता आयएसओ ३६५० या मानकानुसार किमान ८०० विकर्स (कठीणता मोजण्याचे एकक) असावी लागते, तर फाउंड्रीतल्या सिलिका वाळूची कठीणता हजाराच्याही वर जाते. म्हणजे शेजारून उडत येणारा वाळूचा कण तुमच्या गेजपेक्षा कठीण असतो. तो पृष्ठभागावर नुसता बसून असतो तोवर काही बिघडत नाही. ब्रशने किंवा कातड्याने तो ओढला की ओरखडा पडतो, आणि ब्रशमध्ये अडकलेला एकच कण पुढच्या प्रत्येक गेजवर तीच रेघ ओढत जातो. सध्या बाद होणारे गेजही बहुधा याच कारणाने बाद होत असावेत. संशय असेल तर दिवसभर वापरलेले शॅमॉय काळ्या कागदावर झटकून भिंगाखाली पाहा.

त्यामुळे यंत्राचे काम एवढेच ठरवावे, की गेजला काहीही न घासता कण सुटला पाहिजे. त्यासाठी ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारी अल्ट्रासोनिक टाकी योग्य ठरेल. कमी वारंवारितेला द्रवातले बुडबुडे मोठे होऊन जोराने फुटतात, आणि घोटून आरशासारख्या केलेल्या पृष्ठभागाला तो मार सोसत नाही. टाकीत मारा कुठे जास्त बसतो हे पाहायचे असेल, तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल अर्धा-एक मिनिट पाण्यात उभी धरा. जिथे तिला बारीक खड्डे आणि भोके पडतील तिथे गेज ठेवू नका. गेजसाठी अशी जाळी करा की प्रत्येक नग स्वतंत्र खाचेत, मापनाचे पृष्ठभाग मोकळे ठेवून, फक्त कडेच्या बाजूंवर टेकेल. थरथरताना दोन गेज एकमेकांना लागले तर वाळूशिवायही नुकसान होते. जाळी तळाला टेकवू नका आणि द्रव गाळणीतून फिरता ठेवा, नाहीतर तळाशी बसलेली वाळू पुन्हा वर येईल.

द्रवाच्या बाबतीत एक इशारा मनापासून देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, आणि अल्ट्रासोनिक टाकी चालता चालता तापते. हे द्रव किंवा पेट्रोल उघड्या टाकीत कदापि ओतू नका. गंजरोधक मिसळलेले, पाण्यात विरघळणारे सौम्य धुलाईद्रव्य वापरा, त्यानंतर क्षारमुक्त पाण्याने खंगाळा आणि लगेच तेल-पाणी गाळलेल्या हवेने वाळवा. कंप्रेसरची हवा तशीच सोडली तर धुतलेल्या गेजवर तेलाचा थर बसेल. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओला गेज जाळीत तासभर विसरला तर गंज धरायला तेवढा वेळ पुरतो, म्हणून वाळवण संपल्याशिवाय चक्र थांबणार नाही अशी जोडणी नियंत्रकातच करून घ्या.

वाळवताना हवा फार गरम नको. १०० मिलिमीटरचा पोलादी गेज एका अंशाने तापला तरी १.१५ मायक्रॉनने वाढतो, आणि ग्रेड १ या अचूकतेच्या वर्गात त्या लांबीला सूट आहे ती केवळ ०.६ मायक्रॉनची. धुतलेला संच २० अंशांच्या खोलीत, पोलादी फळीवर, पूर्ण निवेपर्यंत ठेवल्यावरच मापनाला घ्या.

शेवटचे पुसणे मात्र हातानेच होऊ द्या : धागे न सुटणारे कापड, त्यावर थोडे अल्कोहोल, एकाच दिशेने एकदाच फिरवलेला हात आणि दर वेळी कापडाची नवी घडी. काठावर उठलेली बर (धातूची बारीक कंगोरी) कोणतीही टाकी काढत नाही. ती बोटाला जाणवत नाही, पण ऑप्टिकल फ्लॅटखाली (अत्यंत सपाट काचेच्या चकतीखाली) दिसते. शिवाय गेज चुंबकित झालेला असेल तर धुतल्यावरही लोखंडाचा चुरा ओढून घेतो, म्हणून टाकीआधी डिमॅग्नेटायझरची (चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणाची) जागा ठेवा.

मायक्रोमीटर आणि डायल गेज या यंत्रात घालू नका. डायल गेजच्या आतल्या बारीक बेअरिंगमधले तेल धुऊन जाईल, मायक्रोमीटरच्या आट्यांत पाणी शिरेल, आणि डिजिटल साधनांचे तर विचारायलाच नको.

पहिली चाचणी बाद झालेल्या गेजवर घ्या. त्यातले दहा निवडून कंपॅरेटरवर (लांबीतला सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या उपकरणावर) मापा, पाच पन्नास वेळा धुवा, पाच तसेच ठेवा आणि सगळे पुन्हा मापा. धुतलेल्या गेजच्या लांबीत न धुतलेल्यांपेक्षा वेगळा फरक दिसला, किंवा ते ऑप्टिकल फ्लॅटवर पूर्वीसारखे घट्ट चिकटेनासे झाले, तर अल्ट्रासोनिकचा वेळ निम्म्यावर आणून पुन्हा सुरुवात करा. चालू संच तोवर टाकीजवळही नेऊ नका.