कोकणातल्या घराच्या अंगणात नुकताच भराव टाकलाय, पेव्हर ब्लॉक पावसाळ्याआधी बसवू की नंतर?
भराव नुकताच टाकलाय म्हणताय, मग कोकणात तरी लगेच ब्लॉक बसवायची घाई करूच नका, एक पावसाळा जाऊ द्या, माती नीट बसली की दिवाळीनंतर काम काढा. पाण्याची लाईन, गेटच्या लाईटची वायर, पागोळ्यांचं पाणी नेणारं गटार हे सगळं आधी उरकून घ्या नाहीतर नंतर परत उखडत बसावं लागतं. उतार घरापासून बाहेर, मीटरला दीड-दोन सेंटीमीटर. कार उभी करणार असाल तर ब्लॉक 60 मिमी जाडीचे, खाली मुरूम पाणी मारून रोलरने दाबलेला, आणि कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नेमका तिचाच खर्च लोक वाचवतात आणि मग ब्लॉक सरकतात. माडाच्या बुंध्याभोवती माती मात्र मोकळी सोडा प्लीज.