आधी विचारा, टक्के कशाचे?

तुम्ही म्हणता की टक्केवारीची सूत्रं पाठ आहेत, गुणाकार-भागाकार बरा आहे, तरी डीआयच्या (डेटा इंटरप्रिटेशन, म्हणजे आलेख-तक्ते वाचून सोडवायच्या प्रश्नांच्या) पाच प्रश्नांच्या सेटमध्ये दोन-तीन चुकतातच आणि वेळही पुरत नाही. सोबत मॉक टेस्टमधला एक प्रश्न दिलाय. दोन पाय चार्ट आहेत. पहिल्या वर्षी एकूण विक्री ८०० नग, दुसऱ्या वर्षी १२०० नग. एका विभागाचा वाटा ३० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आला. त्या विभागाच्या विक्रीत किती टक्के बदल झाला? तुम्ही '५ टक्के घट' निवडलंत, उत्तरसूचीत '२५ टक्के वाढ' आहे, आणि उत्तरसूचीच चुकली असावी असं तुम्हाला वाटतंय.

उत्तरसूची बरोबर आहे. ८०० चे ३० टक्के म्हणजे २४०. १२०० चे २५ टक्के म्हणजे ३००. २४० चे ३०० झाले, ६० वाढले, आणि २४० वर ६० म्हणजे २५ टक्के. हे गणित तुम्हाला तोंडी येतं, याबद्दल मला शंका नाही. निसटलं ते इतकंच, की तो ३० टक्के एका एकूणाचा होता आणि २५ टक्के दुसऱ्याच एकूणाचा. त्यांची थेट वजाबाकी होत नाही.

याच आकड्यांतून तीन खरी विधानं निघतात. वाटा ५ टक्के-बिंदूंनी (३० वजा २५) घटला. वाटा स्वतःच्या आधीच्या आकाराच्या मानाने एक षष्ठांशाने, म्हणजे सुमारे १६.६७ टक्क्यांनी घटला. आणि विक्री २५ टक्क्यांनी वाढली. प्रश्न काढणारा हे तिन्ही आकडे पर्यायांत ठेवतो. म्हणून 'माझं उत्तर पर्यायांत सापडलं' याने निर्धास्त होऊ नका, चुकीचं उत्तर तिथे मुद्दाम ठेवलेलं असतं.

मी बरीच वर्षं हे प्रश्न सोडवतो आणि शिकवतो. सुरुवातीला मीही वेग वाढवायच्या मागे होतो. मग चुकांची वही ठेवायला लागलो, प्रत्येक चुकीपुढे एका ओळीत कारण लिहायचं. काही आठवड्यांत दिसलं की 'भागाकार चुकला' असं क्वचितच लिहिलंय आणि 'छेद चुकीचा घेतला' हे पानोपानी आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांतही तेच दिसतं. त्यामुळे वेगाचं नंतर बोलू, आधी छेदाचं.

मराठीत प्रश्न वाचत असाल तर छेद ओळखायची खूण भाषेतच आहे. ज्याला 'पेक्षा' लागलं, ज्याला 'पैकी' लागलं, ज्याला 'च्या तुलनेत' लागलं, तो छेदात. 'ब पेक्षा अ किती टक्क्यांनी जास्त' इथे ब छेदात. 'अ हा ब च्या किती टक्के' इथेही ब छेदात. 'उत्तीर्ण उमेदवारांपैकी किती टक्के महिला' आणि 'महिलांपैकी किती टक्के उत्तीर्ण' या दोन्ही प्रश्नांत अंश एकच आहे, उत्तीर्ण महिला. छेद मात्र अगदी वेगळे. प्रश्न वाचताना त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा. संगणकावर परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर अपूर्णांकाची आडवी रेघ काढून आधी खालची जागा भरा, वरची नंतर. माझा सगळ्यात मोठा फायदा या एका सवयीने झाला.

छेद बदलला की आकडाही बदलतो, हे अंगवळणी पडायला हवं. अ हा ब पेक्षा २५ टक्क्यांनी जास्त असेल, तर ब हा अ पेक्षा २५ नव्हे, २० टक्क्यांनी कमी असतो. एक चतुर्थांश जास्त तर उलट बाजूने एक पंचमांश कमी. एक पंचमांश जास्त तर एक षष्ठांश कमी. हा नियम कायम चालतो.

आता वाढीचे आलेख. इथे दोन सापळे आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला असा. रेषालेखात उत्पादन दिलंय: १२०, १८०, २५०, ३४०. टक्केवारीने सर्वाधिक वाढ कोणत्या वर्षी? रेषा शेवटच्या टप्प्यात सर्वांत उभी दिसते, कारण तिथे ९० ची वाढ आहे, आणि बोट तिकडे जातं. पण १२० वर ६० म्हणजे ५० टक्के, १८० वर ७० म्हणजे सुमारे ३९, आणि २५० वर ९० म्हणजे ३६. उत्तर दुसरं वर्ष. साध्या मोजपट्टीवर रेषेचा चढ फक्त आकड्यातली वाढ दाखवतो, टक्के दाखवत नाही. कारण टक्के काढताना दर वर्षी छेद मोठा होत जातो आणि चढाला त्याचा पत्ता नसतो.

दुसरा सापळा जास्त लोकांना अडकवतो. आलेखात विक्री नसते, विक्रीच्या वाढीचा दर असतो: २० टक्के, १५, १०, ५. रेषा खाली खाली येते. प्रश्न असतो, 'विक्री सर्वाधिक कोणत्या वर्षी होती?' आणि रेषेचं टोक जिथे आहे ते पहिलं वर्ष निवडलं जातं. प्रत्यक्षात सुरुवात १०० धरली तर १२०, १३८, १५१.८ आणि १५९.३९ असा प्रवास आहे. दर शून्याच्या वर आहे तोवर विक्री वाढतेच आहे, फक्त दम कमी झालाय. शेवटचं वर्ष सर्वाधिक. असा आलेख दिसला की उभ्या अक्षाचं नाव दोनदा वाचा. तिथे 'वाढ' किंवा 'बदल' हा शब्द असेल तर आलेखाचा अर्थच पालटतो.

सरासरीचंही तसंच. २०० उमेदवारांच्या तुकडीचा निकाल ६० टक्के आणि ५० जणांच्या तुकडीचा ९०, तर एकत्र निकाल ७५ टक्के नाही. १२० आणि ४५ मिळून १६५, भागिले २५०, म्हणजे ६६. तोंडी करायचं तर तुकड्यांचं प्रमाण ४:१ आहे, म्हणून ६० पासून ९० पर्यंतच्या ३० च्या अंतराचा पाचवा भाग वर सरका. टक्क्यांची सरासरी टक्क्यांची बेरीज करून काढता येते ती फक्त सगळे छेद सारखे असतील तेव्हाच.

गटांचे आकार फार विषम असले तर चित्र पूर्ण उलटूही शकतं. एका संस्थेने सोप्या पेपरात १० पैकी ९ आणि कठीण पेपरात १०० पैकी ३० उत्तीर्ण केले. दुसरीने सोप्यात १०० पैकी ८० आणि कठीणमध्ये १० पैकी २. दोन्ही पेपरांत पहिली संस्था पुढे आहे, ९० विरुद्ध ८० आणि ३० विरुद्ध २०. पण एकूण निकाल पहिलीचा ११० पैकी ३९ आणि दुसरीचा ११० पैकी ८२. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ च्या लेखात तो मांडला, म्हणून ते नाव. 'प्रत्येक गटात पुढे, म्हणजे एकूणातही पुढे' असं विधान पर्यायात दिसलं की हे उदाहरण आठवा.

वेळेबद्दल. तुम्ही लिहिलंय की वेळ वाचावा म्हणून थेट प्रश्न वाचता आणि लागेल तेवढाच आलेख पाहता. माझं मत याच्या विरुद्ध आहे. आधी तीस-चाळीस सेकंद फक्त आलेखाला द्या, पेन खाली ठेवून. शीर्षक, दोन्ही अक्षांची नावं, एकक, रंगांची सूची आणि तळटीप. उजवीकडचा दुसरा अक्ष असेल तर कोणती रेषा कुठल्या अक्षावर वाचायची तेही. 'आकडे हजारांत' हे एका कोपऱ्यात असतं, 'एक उमेदवार दोन विषय घेऊ शकतो' हे तळटिपेत असतं, आणि ती तळटीप सुटली तर पाचही प्रश्न चुकतात. ही चाळीस सेकंदं पाच प्रश्नांवर वाटली जातात, म्हणून महाग नाहीत. उलट आलेख न वाचता सुरुवात केली की प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध होते.

उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हेही तेव्हाच पाहा. अक्ष ८० पासून सुरू असेल तर १०० चा स्तंभ डोळ्याला ९० च्या स्तंभाच्या दुप्पट दिसतो, खरा फरक मात्र ११ टक्क्यांच्या आसपास असतो. चित्रालेखात याहून वाईट घडतं. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि डोळा क्षेत्रफळाकडे जातो.

डोळ्यावर कुठे विसंबायचं हे आलेखाच्या प्रकारावर ठरतं. स्तंभालेख आणि रेषालेख विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ च्या पुस्तकात वापरले, पाय चार्ट त्यांनीच १८०१ मध्ये आणला. पण हे सगळे प्रकार डोळ्याला सारखे सोपे नाहीत. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच मोजपट्टीवरची उंची माणूस बऱ्यापैकी अचूक ताडतो, कोनाच्या बाबतीत त्यापेक्षा जास्त चुकतो. म्हणून स्तंभालेखात 'सर्वांत मोठा कोणता' हे नजरेने ठरवलं तरी चालतं, पाय चार्टमध्ये आकडेच वाचा. थर लावलेल्या स्तंभांत फक्त तळाचा थर एका रेषेवरून सुरू होतो, मधल्या थरांसाठी वरच्या कडेतून खालची कडा वजा करावीच लागते. पाय चार्ट अंशांत असेल तर सगळे कोन टक्क्यांत बदलत बसू नका. दोन पाकळ्यांचं गुणोत्तर हे त्यांच्या अंशांचंच गुणोत्तर असतं. टक्के लागलेच तर १८ अंश म्हणजे ५ टक्के, एवढं पुरतं.

आकडेमोड करण्याआधी पर्याय पाहा. पर्याय १२, १८, २४, ३१ असे दूर असतील तर मोठ्या अंदाजाने भागेल. १७.२, १७.६, १८.१ असे चिकटून असतील तर नीट करावं लागेल, किंवा तो प्रश्न शेवटी ठेवावा लागेल. अंदाज घेताना एक काळजी: भागाकारात अंश वाढवला तर छेदही वाढवा. ४८७ भागिले १९१२ साठी ५०० भागिले १९०० घेतलंत तर २६.३ टक्के येतात. ४९० भागिले १९२० घेतलंत तर २५.५, आणि खरं उत्तर २५.४७ आहे. मी तर भागाकारच करत नाही. १९१२ चा पाव ४७८, उरले ९, एक टक्का म्हणजे १९, तर ९ म्हणजे साधारण अर्धा टक्का. झालं, साडेपंचवीस.

दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता हे ठरवायलाही भागाकार लागत नाही. ३४७/६१२ आणि २८९/५२३ घ्या. २८९ वरून ३४७ ला जाताना अंश २० टक्क्यांनी वाढला, ५२३ वरून ६१२ ला जाताना छेद १७ टक्क्यांनी. अंश जास्त वाढला, म्हणून ३४७/६१२ मोठा. ही तुलना डीआयमध्ये जवळपास प्रत्येक सेटमध्ये कामी येते. त्यासाठी एक द्वितीयांशापासून एक द्वादशांशापर्यंतचे टक्के मात्र तोंडपाठ हवेत. जीआरई आणि जीमॅट या उच्च शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांपैकी जीआरईमध्ये आणि जीमॅटच्या डेटा इनसाइट्स भागात पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, तरी माऊसने एकेक आकडा दाबण्यापेक्षा हे लवकर होतं.

'निश्चित सांगता येणार नाही' हा पर्याय पाहून बरेच जण एकतर घाबरतात, नाहीतर अडलं की तोच टिक करतात. त्याचीही कसोटी छेदच आहे. दोन पाय चार्ट आहेत आणि एकूण दिलेलं नाही, तर एका चार्टमधली पाकळी दुसऱ्या चार्टमधल्या पाकळीशी आकड्यात ताडता येत नाही. एकाच चार्टमधल्या दोन पाकळ्या मात्र ताडता येतात, एकूण माहीत नसलं तरी. निर्देशांकांचंही तसंच. सुरुवातीचं वर्ष १०० धरून एक कंपनी १५० वर आणि दुसरी १२० वर आहे, एवढ्यावरून पहिली जास्त वाढली हे कळतं, ती मोठी आहे हे कळत नाही.

सेट निवडताना आलेख सुबक आहे की किचकट याकडे पाहू नका, प्रश्नांकडे पाहा. किचकट तक्ता असून तीन प्रश्न निव्वळ वाचून सुटत असतील तर तो घ्या. साधा स्तंभालेख असून प्रत्येक प्रश्नाला नवा लांब भागाकार असेल तर तो मागे ठेवा. सेट घेतला म्हणून पाचही सोडवलेच पाहिजेत असंही नाही, निगेटिव्ह मार्किंग असेल तर मुळीच नाही.

परीक्षेला पंधरा दिवस उरलेत असं तुम्ही लिहिलंय. नवे सेट रोज दोनच करा, वेळ लावून. त्याआधी तुमच्या झालेल्या मॉक टेस्ट काढा आणि चुकलेले सगळे डीआय प्रश्न पुन्हा घ्या, पण सोडवू नका. प्रत्येकाचा फक्त छेद लिहा आणि पुढे जा. पन्नास प्रश्नांना तासभर लागेल. मग उत्तरसूचीशी ताडून पाहा की किती ठिकाणी छेद बरोबर आला. त्यातले चुकलेले तेवढे इथे टाका, मी एकेक पाहून सांगतो.